भारतात बनलेली पहिली मोटार कोणती, आणि त्याच गाड्या इतकी वर्षे का टिकल्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: भारतात तयार झालेली पहिली मोटारगाडी म्हणून कुठे कुर्ल्याच्या डॉजचे, कुठे हिंदुस्तान टेनचे, तर कुठे अ‍ॅम्बॅसेडरचे नाव दिलेले आढळते, त्यांपैकी खरे कोणते मानावे? आणि सुरुवात स्वातंत्र्याच्या सुमारासच झालेली असताना पुढची तीस-पस्तीस वर्षे रस्त्यावर त्याच दोन-तीन गाड्या का दिसत राहिल्या, याचा दोष सरकारी धोरणाचा की कारखानदारांच्या आळसाचा? वाहनांच्या सुट्या भागांच्या व्यवसायात, आधी टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारे बनवण्याच्या विभागात) आणि नंतर पुरवठादार घडवण्याच्या कामात, माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला. आता जुन्या गाड्या मूळ स्थितीत आणू पाहणाऱ्यांना त्यांतील भाग ओळखून देतो. एखादा भाग हातात आला की तो कुठे ओतला गेला असेल, आणि तिथे ओतणे कोणाला परवडले असेल, हे विचारण्याची मला सवय आहे. खालील उत्तर त्याच सवयीतून आलेले आहे.

पहिल्या क्रमांकाचा वाद मिटत नाही, कारण प्रत्येक जण वेगळ्या पायरीवर बोट ठेवतो. परदेशातून खोक्यांत आलेले भाग इथे जोडणे हेच उत्पादन मानायचे असेल, तर मान जनरल मोटर्सच्या शिवडी येथील कारखान्याकडे जातो, कारण तिथे १९२८ पासून शेवरोलेची जुळणी होत होती. फोर्डनेही त्याच काळात मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे जुळणीची सोय केली होती. एखाद्या कार्यशाळेने एकच गाडी हाताने घडवली तरी चालेल असे म्हटले, तर मद्रासच्या सिम्प्सन कंपनीत १९०३ मध्ये सॅम्युएल जॉन ग्रीन यांनी तयार केलेली वाफेची मोटार पुढे येते. भारतीय मालकीच्या कंपनीने जुळवलेली गाडी अशी अट घातली, तर दुसऱ्या महायुद्धानंतरची हिंदुस्तान मोटर्सची हिंदुस्तान टेन आणि १९४७ पासून कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने जुळवलेल्या डॉज, प्लिमथ, डिसोटो यांच्यात स्पर्धा लागते. इंजिनाचा ब्लॉक, गिअरबॉक्स आणि बॉडीचा पत्रा ही तिन्ही अंगे इथे घडली पाहिजेत, अशी माझ्या व्यवसायातली कडक अट लावली, तर मात्र या सर्वांना बाजूला ठेवून १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावे लागते, आणि तिथे हिंदुस्तान मोटर्सची उत्तरपाऱ्यातली अ‍ॅम्बॅसेडर व प्रीमियरची कुर्ल्यातली फियाट ११०० या दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या असतात. मी स्वतः ही शेवटची अट मानतो. तुमच्या लेखात कोणतीही अट वापरा, पण कोणती वापरली ते लिहा, म्हणजे वाचकाचा गोंधळ होणार नाही.

ही सुरुवात स्वातंत्र्यापूर्वी का झाली नाही, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेतील मोटार कारखाने पाहिले आणि मुंबईत असा कारखाना काढण्याची योजना मांडली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ या योजनेला अनुकूल होते, पण नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे पायउतार झाली आणि तो आधार गेला. वालचंदांनी अमेरिकेत फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्याकडे प्रयत्न केले, आणि अखेर १९४० मध्ये क्रायस्लरशी तांत्रिक साहाय्याचा करार केला. करार झाला, पण यंत्रे आणायची तर जहाजात जागा हवी, डॉलर हवे आणि भारत सरकारची संमती हवी. युद्ध सुरू असल्याचे कारण सांगून सरकारने यांपैकी काहीच दिले नाही. म्हैसूर संस्थान भागीदार होऊ पाहत होते, त्यालाही माघार घ्यावी लागली. याच काळात वालचंदांनी बंगळूरमध्ये विमान कारखाना उभा केला, कारण विमानांची युद्धाला निकड होती. मोटारीची निकड कोणालाच पटवून देता आली नाही, आणि पुढची अनेक दशके या उद्योगाच्या कपाळी हेच लिहिलेले राहिले.

बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ मध्ये स्थापन झाली. तिने ओखा बंदरात जुळणी सुरू केली आणि १९४८ मध्ये ती पश्चिम बंगालमधील उत्तरपारा येथे गेली. मद्रासमध्ये १९४८ मध्ये स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स आणि अशोक मोटर्स या दोन कंपन्या निघाल्या. पहिलीने स्टँडर्ड व्हॅनगार्डपासून सुरुवात केली, दुसरीने ऑस्टिन ए४० पासून. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी हिलमन मिंक्स जुळवत होती, तर महिंद्रांनी विलीस जीपची जुळणी सुरू केली होती. फोर्ड आणि जनरल मोटर्स होत्याच. देशातली मोटारी आणि ट्रक मिळून वर्षाची मागणी काही हजारांत, आणि ती वाटून घेणारे इतके सारे.

सरकारने १९४९ मध्ये पूर्ण तयार गाड्यांची आयात बंद केली. त्यानंतर १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने (उद्योगांच्या संरक्षणाबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या आयोगाने) जी शिफारस केली ती माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत परिणामकारक घटना आहे: ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवण्याचा ठोस कार्यक्रम आहे त्यांनीच राहावे, नुसती जुळणी करणाऱ्यांनी काम आवरते घ्यावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी हिशेब केला, एवढ्याशा बाजारासाठी ओतशाळा आणि प्रेस शॉप (पत्रा दाबून आकार देणारा विभाग) उभारणे त्यांना परवडेना, आणि १९५४ च्या सुमारास दोघींनी भारतातील जुळणी बंद केली. पुढे अशोक मोटर्स लेलँडच्या ट्रकांकडे वळून अशोक लेलँड झाली, ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्सने लँब्रेटा स्कूटरवर भर दिला, आणि मोटारगाड्यांच्या क्षेत्रात हिंदुस्तान, प्रीमियर व स्टँडर्ड एवढ्या तीनच कंपन्या उरल्या.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या विषयावरील लेखांत परवाना, कोटा, मक्तेदारी हे शब्द पुष्कळ येतात, पण कारखान्याच्या आतला हिशेब फारसा येत नाही.

परदेशी कंपनी भारतीय कंपनीला पूर्ण सुट्या स्वरूपातील गाडी विकते. त्याला आम्ही सीकेडी पॅक म्हणतो. त्यातून एखादा भाग वगळला, म्हणजे तो आता आम्ही इथे बनवू असे कळवले, की परदेशी कंपनी पॅकच्या किमतीतून काही रक्कम कमी करते. तिला डिलीशन अलाउन्स म्हणतात. ही रक्कम त्या कंपनीला तो भाग बनवण्यासाठी येणाऱ्या जादा खर्चाइतकीच असते, आणि तिच्या दृष्टीने ते रास्तही असते, कारण तिचे साचे, यंत्रे, कामगार सर्व तसेच उभे राहणार असतात. तुम्ही घेतला नाही म्हणून वाचतो तो फक्त थोडा कच्चा माल आणि थोडा वेळ. समजा, अशा भागामागे पॅकमधून दहा रुपये कमी झाले. तोच भाग इथे बनवायचा तर साचा नवा, यंत्र आयात केलेले, ओतकाम शिकणारे, पहिल्या शंभर नगांपैकी कितीतरी भंगारात जाणारे, आणि हा सगळा खर्च वर्षाच्या चार-पाच हजार गाड्यांवर वाटायचा. भाग पंधरा किंवा वीस रुपयांना पडला तर आश्चर्य नाही. म्हणजे देशी भागांचे प्रमाण जसजसे वाढते तसतशी गाडी महाग होते, निदान सुरुवातीची अनेक वर्षे तरी. आणि गाडी महाग झाली की खप वाढत नाही, खप वाढला नाही की तो भाग स्वस्त होत नाही. पुरवठादार घडवण्याच्या कामात हे चक्र मी इतक्या वेगवेगळ्या भागांच्या बाबतीत पाहिले आहे की, १९५० च्या दशकातील कंपन्यांचे निर्णय मला मुळीच विचित्र वाटत नाहीत.

भाग कोणत्या क्रमाने देशी झाले, तेही याच हिशेबाने ठरले. टायर, बॅटरी, पाटे, गाद्या, रंग हे आधी, कारण ते ट्रकांना आणि बसनाही लागत होते आणि त्यांचे कारखाने इथे होते किंवा लगेच निघू शकत होते. डनलॉपचा साहागंज येथील टायर कारखाना तर १९३६ पासूनचा. मग पिस्टन, रेडिएटर, बेअरिंग. मद्रासची इंडिया पिस्टन्स १९४९ ची, बॉशच्या सहकार्याने बंगळूरात निघालेली मायको १९५१ ची. त्यानंतर ब्लॉकचे कास्टिंग आणि मशिनिंग, मग गिअर, आणि सर्वांत शेवटी बॉडीचे मोठे पत्रे. क्रम पाहिला की लक्षात येते की, गिऱ्हाइकाला जी गोष्ट प्रथम दिसते ती, म्हणजे गाडीचा आकार, कारखान्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड आणि सर्वांत महाग असते.

याचा पुरावा गाड्यांतच सापडतो. १९५४ मध्ये हिंदुस्तान मोटर्सने लँडमास्टर आणली. तिची बॉडी मॉरिस ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेची होती. ब्रिटनमध्ये या बॉडीत १४८९ घनसेंटीमीटरचे ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर असलेले, नव्या रचनेचे) मिळत होते, पण उत्तरपाऱ्यात बसवले गेले ते आधीच्या हिंदुस्तान फोर्टीनमधले १४७६ घनसेंटीमीटरचे साइड व्हॉल्व्ह इंजिन (व्हॉल्व्ह बाजूला असलेले, जुन्या रचनेचे). सुरुवातीच्या अ‍ॅम्बॅसेडरमध्येही तेच होते. ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन १९५९ च्या सुमारास आले. आता कुर्ल्याकडे पाहा. १९६४ मध्ये फियाट ११००डी ची बॉडी इथे आली. इटलीत या मॉडेलला १२२१ घनसेंटीमीटरचे इंजिन होते, इथे मात्र आधीपासूनचे १०८९ घनसेंटीमीटरचे इंजिनच राहिले, आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने गाडी विकली जाऊ लागली तेव्हाही तेच होते. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळ्या देशांतले सहकारी, आणि निर्णय मात्र सारखाच: नवी कातडी, जुने हृदय. मला यात कंजुषी दिसत नाही. इंजिनाचा ब्लॉक बदलायचा म्हणजे सिलिंडरचे बोअर करणाऱ्या यंत्रांची मांडणी, भाग पकडण्याची साधने (जिग, फिक्स्चर) आणि मोजण्याची साधने (गेज) हे सारे बदलायचे. ते सर्व परकीय चलन खर्चून नुकतेच आणलेले असताना, त्याचे पैसे वसूल होण्याआधी ते बाजूला टाकायला कोणताही शहाणा कारखानदार तयार झाला नसता.

बॉडीचा हिशेब याहून कठीण. दाराचा एक बाहेरचा पत्रा घ्या. सपाट पत्रा प्रथम ओढून आकारात आणायचा, मग कडा छाटायच्या, मग भोके पाडायची, मग कडा दुमडायच्या. प्रत्येक कामाला स्वतंत्र डाय, म्हणजे पत्रा दाबण्याचा साचा, लागतो. ओढकामाचा डाय मोठ्या कास्टिंगचा असतो, आणि तो यंत्रावर कापून झाला तरी काम संपत नाही. निळा रंग लावून, दाबून, कुठे टेकतो ते पाहून, हाताने घासून तो जुळवावा लागतो. एवढे करून पत्रा फाटतो किंवा त्याला सुरकुत्या पडतात, की पुन्हा ट्रायआउट, म्हणजे दाबून पाहण्याची चाचणी. संपूर्ण गाडीसाठी असे शेकडो डाय लागतात. चांगला डाय लाखो ठोके सहन करतो. वर्षाला दहा-पंधरा हजार गाड्या काढणाऱ्या कारखान्यात तो झिजायलाच दोन-तीन दशके लागतील. अमेरिकेत किंवा युरोपात दरवर्षी लाखभर गाड्यांवर डायचा खर्च वाटला जात असल्यामुळे चार-पाच वर्षांनी आकार बदलणे शक्य होते. आपल्याकडे तो खर्च फिटेपर्यंत एक पिढी मोठी होत असे. त्यात पत्र्याची अडचण निराळी. खोल ओढकाम सहन करणारा, छपरापुरता रुंद पत्रा देशात सहज मिळत नव्हता. राउरकेल्याचा पोलाद कारखाना १९६० च्या आसपास उभा राहिल्यावर सपाट पोलादाचा मोठा स्रोत मिळाला, तरी मोटारीच्या बॉडीला लागणाऱ्या खास प्रतीसाठी आयातीवरचे अवलंबन त्यानंतरही राहिले.

या बाबतीत स्टँडर्ड हेराल्डचे उदाहरण मला नेहमी आवडते, आणि तिच्याकडे कुणी फारसे पाहत नाही म्हणून इथे मुद्दाम देतो. १९६१ मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेली ही गाडी ब्रिटनच्या ट्रायम्फ हेराल्डवर आधारलेली होती. त्या काळातील बहुतेक नव्या गाड्यांची बॉडी एकसंध असे, पण हेराल्डला स्वतंत्र चासी (खालचा सांगाडा) होती आणि बॉडीचे तुकडे एकमेकांना बोल्टांनी जोडलेले होते. ब्रिटनमध्ये हे अडचणीतून घडले होते, कारण त्या कंपनीला एकसंध बॉडी पुरवणारा मिळत नव्हता. पण भारतासारख्या ठिकाणी, जिथे मोठे प्रेस नाहीत आणि एकेक भाग सवडीने देशी करायचा आहे, तिथे ही रचना फार सोयीची ठरली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मद्रासच्या कंपनीने हेराल्डची चार दारांची आवृत्ती काढली, जी मूळ कंपनीने ब्रिटनमध्ये कधीच काढली नव्हती. चासी वेगळी असल्यामुळे हा बदल तुलनेने कमी डायमध्ये साधला असणार, असा माझा अंदाज आहे. रचना अनुकूल असेल तर इथले अभियंते आकार बदलत होते, याचे हे उदाहरण. तरीही तीन कंपन्यांत स्टँडर्डचा खप सर्वांत कमी राहिला, आणि सोयीच्या रचनेलाही संख्येची कमतरता भरून काढता आली नाही.

इथे तुम्ही म्हणाल की, जपानचीही सुरुवात अशीच झाली होती. अगदी बरोबर, आणि ही तुलना वरवर न करता गाडीगणिक केली तर फार बोलकी आहे. मद्रासमध्ये अशोक मोटर्स जी ऑस्टिन ए४० जुळवत होती, तिच्याच पुढच्या आवृत्तीचा परवाना निस्सानने १९५२ मध्ये घेतला. मुंबईत जुळत असलेल्या हिलमन मिंक्सचा परवाना १९५३ मध्ये इसुझूने घेतला. तिथेही परकीय चलनाची टंचाई होती, तिथेही आयातीवर कडक निर्बंध होते, तिथेही सरकार परवाने देत होते. १९५५ मध्ये जपानमध्ये तयार झालेल्या मोटारगाड्या जेमतेम २० हजार होत्या. पण तीन-चार वर्षांत निस्सान आणि इसुझू यांनी जवळपास सारे भाग देशात बनवले, आणि १९६० मध्ये जपानचे मोटारगाड्यांचे उत्पादन दीड लाखाच्या पुढे गेले, तर आपले त्या वर्षी २० हजारांच्या आसपास होते. संरक्षण दोन्हीकडे होते, म्हणून सगळा दोष संरक्षणाला देणे मला पटत नाही. फरक दोन गोष्टींत होता. जपानकडे पोलाद, यंत्रसाधने आणि युद्धकाळात विमाने बनवलेले अभियंते आधीपासून होते. आपण हे सर्व मोटारीबरोबरच उभारत होतो. आणि तिथे उत्पादन वाढवायला कुणी आडकाठी करत नव्हते.

आडकाठीचा हा भाग मात्र निखळ धोरणाचा. १९५१ च्या उद्योग विकास व नियमन कायद्याखाली किती उत्पादन करायचे याला परवान्याची मर्यादा होती. १९५७ च्या परकीय चलनाच्या संकटानंतर मोटारगाडी ही चैनीची वस्तू ठरली आणि चलनाचा वाटा प्रथम ट्रक-बसना मिळू लागला. हे मला चुकीचे वाटत नाही. धरणे आणि पोलाद कारखाने उभे करणाऱ्या देशाला ट्रक आधी हवे होते. पण चलन नाही म्हणून उत्पादन वाढू द्यायचे नाही, आणि उत्पादन कमी म्हणून गाडी महाग, असा पेच त्यातून घट्ट झाला. १९६६ मध्ये डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, तेव्हा उरलेसुरले आयात भाग आणि नवी यंत्रे आणखी महागली. १९६९ मध्ये किमतींवर वैधानिक नियंत्रण आले, कारखाने न्यायालयात गेले, किंमत ठरवण्यासाठी चौकशी आयोग बसला. चालू गाडीच्या खर्चावर थोडा नफा धरून किंमत बांधली की पुढच्या गाडीच्या डायसाठी पैसे कुठून येणार, हा प्रश्न त्या पद्धतीत बसतच नव्हता. १९७० च्या आसपास देशात वर्षाला तीस ते चाळीस हजार मोटारगाड्या होत होत्या, आणि दहा वर्षांनीही आकडा त्याच टप्प्यात होता.

कारखानदारांना मात्र मी सोडत नाही. फियाटसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी असताना गुणवत्तेकडे लक्ष देण्याची सक्ती कुणाला वाटली नाही. नव्या कोऱ्या गाडीची दारे नीट लागत नाहीत, काचेतून पाणी गळते, रंगाखाली पत्रा ठिकठिकाणी भरून काढलेला सापडतो, असे त्या काळातल्या गाड्या उघडताना मला वारंवार दिसते. डाय नवा घेण्यासाठी परकीय चलन लागते. झिजलेल्या डायची कड वेळच्या वेळी दुरुस्त करायला लागत नाही. मॉडेल न बदलणे ही परिस्थितीची सक्ती होती, पण त्याच मॉडेलमधला दर वर्षी सुधारता येण्याजोगा ढिसाळपणा तसाच ठेवणे ही सक्ती नव्हती. धोरण आणि कारखानदार यांच्यात दोष वाटायचा असेल तर मी रेघ इथे ओढतो.

स्वस्त गाडीचा विचार कुणी केलाच नाही, असेही समजू नका. १९६० च्या सुमारास लक्ष्मीकांत झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कमी किमतीच्या मोटारीचा विचार मांडला होता. इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी १९४९ पासून 'मीरा' नावाच्या छोट्या गाडीचे नमुने एकामागून एक घडवत होते. नमुना चालला, लोकांनी पाहिला, पण तो मोठ्या उत्पादनापर्यंत पोहोचला नाही. एका नमुन्यापासून हजाराव्या गाडीपर्यंतचे अंतर बुद्धीने कापता येत नाही. त्याला परवाना, भांडवल, प्रेस आणि पुरवठादार लागतात, आणि यांतले पहिले दोन व्यक्तीच्या हाती नव्हते.

मग या सगळ्या खटाटोपातून मिळाले काय, हे मला माझ्या व्यवसायामुळे अधिक स्पष्ट दिसते. तीन कंपन्यांच्या गाड्या थकल्या, पण त्यांना आणि ट्रकवाल्यांना भाग पुरवण्यासाठी जे कारखाने निघाले ते टिकले. मद्रासच्या परिसरातील व्हील्स इंडिया, ल्यूकस टीव्हीएस, ब्रेक्स इंडिया, सुंदरम क्लेटन, पुण्याची भारत फोर्ज हे सारे १९६० ते १९६२ या काळात स्थापन झाले, आणि मोटारीच्या चाचण्यांसाठी पुण्यात एआरएआय ही संस्था १९६६ मध्ये आली. १९८१ मध्ये मारुती उद्योग स्थापन झाली, पुढच्या वर्षी सुझुकीशी करार झाला आणि डिसेंबर १९८३ मध्ये गाडी बाहेर पडली, तेव्हा तिचीही सुरुवात जपानहून आलेल्या खोक्यांनीच झाली. हिशेब जुनाच होता, डिलीशनची बोलणी जुनीच होती. या वेळी मात्र योजना वर्षाला एक लाख गाड्यांची होती आणि ती संख्या गाठू देण्याची सरकारची तयारी होती, त्यामुळे डायचा आणि साच्यांचा खर्च प्रत्येक गाडीवर फार थोडा पडला, आणि भाग बनवू शकणारी माणसे शोधायला कुणाला परदेशी जावे लागले नाही.

तुम्ही लेखासाठी एखादी जुनी गाडी प्रत्यक्ष पाहणार असाल तर एक सुचवतो. नावाच्या पट्टीवर आणि विक्रीच्या कागदावर विसंबू नका, कारण जुळणीच्या गाडीवरही भारतीय कंपनीचेच नाव असे. ब्लॉकवरच्या कास्टिंगच्या खुणा, डायनॅमो आणि स्टार्टरवरची पट्टी, चाकाच्या रिमच्या आतला शिक्का, काचेच्या कोपऱ्यातला छाप आणि कार्ब्युरेटरवरचे अक्षर ही पाच ठिकाणे तपासा. यांतले कोणते इथले आणि कोणते बाहेरचे, याची नोंद केली की ती विशिष्ट गाडी कोणत्या पायरीवर होती ते कळते. दुरुस्तीत बदललेले भाग मात्र आधी वेगळे काढा; पन्नास-साठ वर्षे चाललेल्या गाडीत डायनॅमो आणि कार्ब्युरेटर हे बहुधा नंतरचेच निघतात, ब्लॉक आणि काच त्या मानाने अधिक भरवशाची.